तळव्यावरचा आकडा

दिलीप गेला तेव्हा मी निगडीत त्याच्याच गोळ्यांच्या रांगेत उभी होते. शेजारणीचा फोन आला, "आजी, असाल तशा या." असाल तशा या म्हणजे काय, ते या वयात विचारावं लागत नाही. तरी माझा नंबर लागलेला होता म्हणून मी गोळ्या घेतल्या, पिशवीत टाकल्या आणि मग चिखलीची बस धरली. लोक म्हणतील, कसली ही बहीण. म्हणोत. घरी पोचले तर त्याला कॉटवर सरळ झोपवलेलं होतं आणि कुणीतरी त्याचा चष्मा काढून ठेवला होता… त्याला आता सहा आठवडे झाले.

दिलीप माझा धाकटा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आम्ही बीडकडचे. लग्न होऊन मी इकडे आले, माझ्यामागून तो आला आणि चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या खात्यात चिकटला. तयार झालेला पार्ट हातात घ्यायचा, मापायचा, ओके नाहीतर रिजेक्ट. सगळी नोकरी त्यानं हेच केलं. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. माणूस काही थोर नव्हता. चिडका होता. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठायचा. पण एखादी वस्तू हातात घेतली की तो निराळाच व्हायचा. बोलणं बंद, श्वास हळू.

कंपनीत आलेल्या एका परदेशी पाहुण्यानं जाताना त्याला एक खेळणं दिलं, तिथून त्याला तो नाद लागला. इंग्रजी सिनेमातले परग्रहावरचे प्राणी, वीतभर उंचीचे. मोठी माणसं ते जमवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. त्यांतही अस्सल कुठला, नक्कल कुठली, पहिल्या साच्यातला कुठला आणि नंतरचा कुठला, हे ओळखण्यात दिलीपचा हात धरणारा या भागात कुणी नव्हता. पुण्याहूनसुद्धा लोक डबे घेऊन यायचे. दिलीप प्राण्याचा पाय उचलून सोडायचा, सांधा सैल आहे का बघायचा. केस रुजवलेले की चिकटवलेले, ते बोटानं उलटे फिरवून बघायचा. वास घ्यायचा. मग सांगायचा आणि तो शेवटचा शब्द असायचा. त्याबद्दल त्यानं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. लोक "दिलीपकाकांनी बघितलंय" असं एकमेकांना सांगायचे, तेवढं त्याला पुरत होतं. खरं तर तेवढंच त्याच्याजवळ होतं.

मग साखरेनं डोळे गेले. एकदम नाही, कडेनं आत आत अंधार येत गेला. नोकरी संपली होती, माझा मुलगा-सून वेगळे राहत होते, मीही एकटीच होते, तो माझ्याकडे राहायला आला. डोळ्यांचं कुणाला सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली. मी म्हटलं, "अरे, भिंतीला धडकतोस, ते लोकांना दिसत नाही का?" म्हणाला, "अक्का, गुडघ्याचं सांग, काहीही सांग. डोळ्यांचं सांगू नको. डोळे गेले म्हणजे मी रिजेक्ट."

त्यावर त्यानंच एक युक्ती काढली. कुणी खेळणं घेऊन आलं की तो समोरच बोटांनी चाचपायचा आणि मग म्हणायचा, "थांबा, जरा उजेडात बघतो." आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी यायचा. तिथं मी भिंग घेऊन तयार. डोळ्यांचा रंग उडालाय का, कानामागं चीर आहे का, पायाच्या तळव्यावर काय छापलंय, तो कुजबुजत विचारायचा, मी सांगायचे. मी चौथी शिकलेली, पण नजर चांगली आहे आणि खोटं बोलत नाही. तो म्हणायचा, "तू आमच्या कंपनीत असतीस तर एक पार्ट बाहेर गेला नसता, कंपनीच बंद पडली असती." दीड वर्ष असं चाललं. आम्हा दोघांचे त्यातले त्यात बरे दिवस तेच.

गेल्या वर्षी पुनावळ्याहून एक माणूस आला. कॉम्प्युटरवाला, तिशी-पस्तिशीचा. त्याच्या मामानं परदेशातून आणलेला एक प्राणी त्याच्याकडे होता. अंगभर करडे केस, हाताला तीन बोटं, पाठीवर हवेची टाकी. मी म्हटलं, "हे माकड कशाला आणलंय?" दिलीप म्हणाला, "माकड नाही अक्का, दुसऱ्या ग्रहावरचा आहे." मी म्हटलं, "मग त्या ग्रहावर न्हावी नसणार." तो माणूससुद्धा हसला. त्याला एवढंच विचारायचं होतं, की हा पहिल्या साच्यातला असेल तर कपाटात जपून ठेवतो, नंतरचा असेल तर मुलीला खेळायला देतो, ती फार मागे लागलीय.

दिलीप खिडकीशी आला. पहिल्या साच्यातल्याच्या तळव्यावर आठ असतो, नंतरच्यावर चार. त्यानं केसांतून बोटं फिरवली आणि पुटपुटला, "हाताला तर पहिला वाटतोय… आकडा बघ." मी भिंग लावलं. "चार आहे." तो थांबला. म्हणाला, "नीट बघ." मी म्हटलं, "बघितलं की. चारच आहे." मग त्यानं बाहेर जाऊन सांगितलं, "नंतरचा आहे. द्या पोरीला."

इंग्रजी आकडे मला येत नाहीत असं नाही. फोन लावते, नोट ओळखते. पण तो आठ वरून झिजलेला होता. वरचं गोल मिटलेलं नव्हतं, दोन शेंड्या उघड्या होत्या. आणि डोळा आधी शाळेत शिकवलेलंच वाचतो. मला तिथं आपला मराठी चार दिसला, सरळ, स्वच्छ. शंकासुद्धा आली नाही.

चार महिन्यांनी तो माणूस परत आला. प्राण्याचे केस मुलीनं कात्रीनं कापलेले, एक हात निखळलेला. दुसऱ्या कुणा जाणकारानं बघून सांगितलं होतं, की हा पहिल्या साच्यातला होता. "काका, तुम्ही सांगितलंत म्हणून दिला मी तिला. एवढा आठ तुम्हाला दिसला नाही?"

मी कणकेच्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आकडा मी वाचला म्हणावं, तर त्याच्या डोळ्यांचं उघडं पडणार. गप्प बसावं, तर त्याचं नाव जाणार. मी गप्प बसले. जन्मात कधी गप्प बसले नाही, ती तिथं बसले.

दिलीपनं कापलेल्या केसांवरून हात फिरवला. म्हणाला, "नाही दिसला. मला दीड वर्ष काहीच दिसत नाही. चूक माझी आहे."

त्या माणसाचा राग तिथंच गळाला. "मग सांगायचंत ना काका," एवढंच म्हणाला आणि डबा घेऊन गेला. त्यानंतर कुणी आलं नाही. वाईट बोलत नसतील लोक, पण आंधळ्याला कोण काय दाखवणार? दिलीप दिवसभर खुर्चीत बसायचा, मांडीवर रिकामे हात. तो कशानं गेला, तर डॉक्टर मूत्रपिंडाचं नाव घेतात. घेऊ देत. मी रोज बघत होते, मला कळत होतं.

तो माणूस डबा घेऊन गेला त्याच संध्याकाळी मी दिलीपला म्हटलं होतं, "माझं नाव का नाही घेतलंस?" तो म्हणाला, "अक्का, तू चार वाचलास तो तुझ्या शाळेत बरोबरच होता. हाताला कळलं होतं मला. मी हाताचं ऐकलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यानं जुन्या कॅलेंडरचं पान आणि जाड पेन मागितलं. म्हणाला, "इंग्रजी आठ कसा असतो ते तुला मोठा काढून देतो. परत कुणी आलं तर चुकायला नको." पान भिंतीवर दाबून धरून त्यानं एका दमात आकडा काढला. पण हात कुठं सुरू केला ते त्याला दिसत नव्हतं, शेवटी रेघ रेघेला मिळालीच नाही. वरून उघडाच राहिला.

"कसा आलाय?" त्यानं विचारलं.

"चांगला आलाय," मी म्हणाले आणि तो खिडकीशेजारी चिकटवला.

दहाव्याच्या दिवशी सून स्वयंपाकघर आवरत होती. म्हणाली, "आई, हा एवढा मोठा चार कशाला लावलाय इथं? काढू का?"

"राहू दे," मी म्हणाले. "आठ आहे तो."