वास गेला तेव्हा

पंपकाकांचं सगळं आयुष्य खाणीतलं पाणी उपसण्यात गेलं. पाणी चढलं की खालची माणसं अडकणार, म्हणून पाणी खाली ठेवायचं. एवढंच त्यांना येत होतं, पण ते चोख येत होतं. पुढे खाण बंद पडली, पंप भंगारात गेले आणि काकांच्या गळ्यात पडला एक वाफा. तळाशी चुनखडीची खडी, वर शेणखत नि लाकडाचा भुसा, त्यावर गुडघाभर पाणी. बंद खाणीतून झिरपणारं तांबूस, आंबट पाणी यात शिरायचं, खतातल्या जंतूंमुळे निवळायचं आणि मग ओढ्याला लागायचं. काम सरळ होतं. वास मात्र नासक्या अंड्यांचा.

तो काकांच्या अंगात मुरला होता.

"अहो, आधी मोरीत," काकू दारातूनच म्हणायच्या.

"दोनदा केली आंघोळ."

"मग तिसरी करा. त्या जंतूंशी संसार मांडलाय ना, निजा त्यांच्याचकडे."

बाहेरच्या खोलीतली खाट आता कायमची काकांची झाली होती. या वयात चेष्टेला उत्तर देण्याचासुद्धा कंटाळा यायचा.

एका सकाळी वाफ्याशी उभं असताना त्यांचा जुना हात जागा झाला. पाणी साचलंय, म्हणूनच कुजतंय. त्यांनी निचऱ्याच्या तोंडाशी पाणी अडवणारी फळी उतरवली. पाणी गेलं, खत उघडं पडलं, उन्हात सुकलं. आठवड्याभरात वास गायब. काकूंनी त्यांची उशी आत नेली. काकांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

मग तपासणीच्या मॅडम आल्या. बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्यांनी कागदाची पट्टी बुडवली. ती लाल झाली.

"काका, वास कधी गेला?"

"झाले की दहा-बारा दिवस." काकांच्या आवाजात जराशी ऐट होती. "फळी उतरवली मी."

मॅडम कट्ट्यावर बसल्या. "आत हवा शिरली हो. हे जंतू हवा लागली की मरतात. वास येत होता म्हणजे त्यांचं काम चालू होतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत."

डोलावली असेल. साहेब लोक बोलत असले की मान डोलवत राहायची, ही सवयही खाणीतलीच.

"आता?"

"फळी वर. ताजं खत घाला, नि वाट बघा. पुढच्या तपासणीलाही पाणी असंच आलं तर वाफा बुजवतील."

"आणि मी?"

मॅडमनी पिशवीची चेन लावली.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच खताची घमेली ओतत होते. पाठीचा पार खुळखुळा झाला होता. दुपारी काकू डबा घेऊन आल्या. इतक्या वर्षांत इथे पहिल्यांदाच.

"वास तर येत नाहीये," त्या म्हणाल्या.

"तेच तर दुखणं आहे."

"कधी येईल?"

"काय सांगू. पंपाचं बरं होतं, बटण दाबलं की घरघर सुरू. इथे पाण्याला चढू द्यायचं नि आपण गप्प बसायचं."

"मग बसा."

"जमत नाही गं."

काकू पदर सावरून शेजारी टेकल्या. दोघं बघत राहिली. पाणी खतावर चढलं, हळूहळू फळीच्या काठाला टेकलं. काकांचा हात आपसूक फळीकडे गेला.

काकूंनी त्या हातात डबा ठेवला.