साडूंचा वायपर

मोटारीच्या काचेवरचा वायपर ज्याला समजला नाही त्याचं शिक्षण अपुरं राहिलं, असं ठामपणे मानणारा माणूस जगात एकच असावा आणि तो नेमका माझ्या नात्यात यावा, हे माझं नशीब. हे माझे थोरले साडू. सुरतेतल्या एका शाळेच्या मराठी वर्गांना विज्ञान शिकवायचे, गोडादऱ्याला राहायचे आणि जन्मभर सायकल चालवायचे. मोटार त्यांना नकोच होती; हवा होता तो फक्त तिचा वायपर. लग्नाला गेले की मांडवात शिरण्याआधी बाहेर उभ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना, "जरा वायपर चालू करता का?" असं विचारत हिंडायचे. ऊन रखरखत असायचं. ड्रायव्हर बिचारे मुलाकडचं कुणी मोठं माणूस समजून चालू करायचे, आणि मंगलाष्टकं सुरू झाली तरी आमची मेहुणी दारातच नवऱ्याची वाट बघत उभी.

भंगारातून आणलेली वायपरची मोटर, काच धुणारा छोटा पंप, पाण्याचा डबा आणि गाडीच्या बॉडीऐवजी पत्र्याची एक पट्टी, हे सगळं त्यांनी एका फळीवर बसवलं होतं. काच स्वतःच्या घराच्या खिडकीची काढली होती. तिथे तेव्हापासून पुठ्ठा होता. दहावीला वीज शिकवायची ती या फळीवरच. "बटण दाबलं की पंपाला करंट, पाणी उडतं. सोडलं की पंप थांबला. पण वायपर बंद केला तरी अर्ध्यात थांबत नाही. मोटरच्या आत त्याच्यासाठी दुसरी वाट असते. पातं खाली टेकेपर्यंत करंट त्या वाटेनं येतो, टेकलं की वाट तुटते." हे मी बारशाला, जेवणाच्या पंगतीत आणि एकदा दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून ऐकलेलं आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मराठी दहावीचा वर्ग बंद करायचं बोलणं सुरू झालं. खानदेशातून कापडाच्या लूमवर आलेल्या कामगारांची पोरंही गुजराती वर्गात जाऊ लागली होती. नोकरी इथेच करायची तर गुजरातीच बरं, असं आईबाप म्हणायचे. वर्ग पाहायला वरचे साहेब येणार असं ठरलं आणि साडूंचं जेवण तुटलं. "साडूभाऊ, ज्या बोलीत पोरगा भांडतो त्याच बोलीत त्याला वीज कळते," म्हणायचे. आदल्या दिवशी त्यांनी पोरांसमोर फळीवरची तार न् तार पुसली आणि पंपाची अर्थिंगची तार जिथे पत्र्याला जोडली होती तिथला गंज पॉलिश पेपरनं घासून काढला. या गंजामुळे पंपाला इतकी वर्षं पुरेसा करंट मिळत नव्हता आणि पाणी काचेच्या पायाशीच ठिबकत होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बॅटरी उचलून न्यायला मी गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. साहेब काचेमागे उभे राहिले. साडूंनी वायपर चालू करून पंपाचं बटण दाबलं, तशी पाण्याची चिळकांडी काचेवरून उडून साहेबांच्या इस्त्रीच्या शर्टावर गेली. साहेब गुजरातीत म्हणाले, आता बंद करा, "माश्तर, हवे बंध करो."

"बंदच केलंय, साहेब," साडू शांतपणे म्हणाले. "आता पातं जागेवर कसं जातं तेवढं बघा."

पातं सावकाश खाली येऊन टेकलं. साहेबांनी रुमालानं शर्ट टिपत एका मुलीला अर्थिंग कशाला लागते ते विचारलं. ती उठून म्हणाली, "करंटला बॅटरीकडे परत जायला वाट लागते. गाडीत ती वाट म्हणजे गाडीचा पत्राच. तिथं गंज आला की पंप रडतो. काल सरांनी गंज काढला, म्हणून आज तुमचा शर्ट भिजला." साहेब खो खो हसले आणि शेरा फार चांगला लिहून गेले.

वर्ग तरीही बंद झाला. शेऱ्यानं पट भरत नाही. साडूंना गुजराती वर्ग मिळाला आणि ते दर रविवारी सायकलला फळी बांधून आमच्याकडे यायला लागले, गुजरातीतून धडा म्हणून बघायला. चुका माझी मुलगी काढायची. तिचं गुजराती पक्कं होतं, कारण बँकेत खुर्ची उबवणाऱ्या तिच्या मराठी बापानं तिला पहिलीपासूनच गुजराती शाळेत घातलं होतं. साडू चष्मा सावरत म्हणायचे, "हळू सांग बेटा, लिहून घेतो." पटावरच्या रिकाम्या जागा मोजताना त्यांनी हिचं नाव कधी धरलं होतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांनी एका शब्दानंही कधी तो विषय काढला नाही. ते मान खाली घालून वहीत एकेक गुजराती शब्द उतरवत बसायचे, आणि मी चहा सांगायच्या निमित्तानं आत निघून जायचो.