कांद्याचं रडणं धरायचं नाही

आमच्या घरात आठवड्याला दोन किलो कांदा लागतो. हा आकडा अंदाजाचा नाही. माझं कामच वजनकाट्याचं आहे. मालाची गाडी आधी भरलेली तोलायची, मग रिकामी तोलायची आणि मधला फरक लिहायचा. बावीस वर्षं हेच केल्यावर घरीसुद्धा हात गप्प राहत नाही. ओट्याच्या कोपऱ्यात एक छोटा काटा ठेवलेला आहे आणि बाजारातून आणलेली पिशवी मी आधी त्यावर ठेवतो, मग रिकामी करतो. बायको म्हणते, "एकदा आमालाबी ठिवून बघा त्याच्यावर."

तर दोन किलो. मागच्या हिवाळ्यात मात्र एका आठवड्यात अडीच किलो लागला, पुढच्या आठवड्यात पावणेतीन आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात सव्वातीन. पाहुणे आले नव्हते. कांदा सडका निघाला नव्हता. जेवणारी माणसं तीच चार होती. मला राहवेना. एवढा कांदा जातो कुठं?

आधी घरची व्यवस्था सांगितली पाहिजे. आम्ही परभणीत राहतो. बायको नर्स आहे. त्या वर्षी तिची बदली पालमच्या बाजूच्या एका गावात झाली. सकाळी सातची एसटी धरायची आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत साडेसात. येऊन-जाऊन रोजचे चार तास गाडीत. त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला, आणि माझ्या मदतीला दोन्ही पोरं. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा सात.

मला तोवर खिचडी आणि चहा एवढंच येत होतं. भाकरीचं मी प्रमाण काढलं. एका भाकरीला शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ, नव्वद मिली पाणी. सोमवारी छान जमली. शुक्रवारी त्याच मापाची भाकर तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. बायकोनं चिमटीत पीठ धरून बघितलं. "विरी गेलीय याची. दळून किती दिवस झाले?" पीठ जुनं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि मग ते गरम पाण्यातच मळावं लागतं, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला कळलं. मी डब्यावर दळल्याची तारीख चिकटवायला लागलो. धाकटा तारीख वाचायचा नाही. पिठात हात घालायचा आणि सांगायचा, "आज गरम पाणी." ते बरोबर निघायचं. त्याला हे कसं कळतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

आता दुसरी एक गोष्ट, जी सांगायला मला बरं वाटत नाही. थोरला लहानपणापासून हळवा. शेजारच्यांची शेळी विकली तरी रडणार, क्रिकेटमध्ये बाद झाला तरी रडणार. ताडकळसला नात्यातल्या एका लग्नात पंगतीत कुणीतरी त्याला रागावलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याचा मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, पोरगंच हाय ना हे? तपासून घेतलंय का?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर मी त्यावर उपाय काढला. दूधवाला आला नाही की आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात फुली मारतो. तो दुधाचा खाडा. तसाच मी पोरांच्या रडण्याचा खाडा सुरू केला. थोरला रडला की निळी फुली, धाकटा रडला की लाल. सगळा महिना कोरा गेला की बॅट. काट्यावर माझा अनुभव असा होता की सांडलेला माल रोज लिहायला लागलं की सांडणं आपोआप कमी होतं.

बायकोला हे पटलं नव्हतं. "दुधाला आन् पोराच्या डोळ्यातल्या पाण्याला एकच माप लावता का तुमी?" ती म्हणाली. पण पहिल्या महिन्यात थोरल्याच्या नऊ फुल्या होत्या, दुसऱ्यात चार झाल्या आणि तिसऱ्यात एक. मी तिला कॅलेंडर दाखवलं. तिनं ते परत खिळ्याला अडकवलं आणि डबा भरायला लागली. मी ते मान्य केल्यासारखं धरलं.

याच काळात एकदा कांदा कापताना थोरल्यानं विचारलं होतं, "पप्पा, कांद्याचं रडणं धरायचं का?"

नियम नीट असावा म्हणून मी विचार केला. "न्हाई. ते नुसतं पाणी हाय. ते धरायचं नाही."

"मग आजपासून कांदा मी कापत जातो."

"बेस," मी म्हणालो. पोरगं आपणहून काम मागतंय, याचा मला आनंद झाला.

आणि मग कांदा वाढायला लागला. मी टरफलांचं वजन करून बघितलं, ते किलोमागं नेहमीएवढंच पडत होतं. म्हणजे बाकीचा कांदा आमच्याच पोटात जात होता. वरणात कांदा, पिठल्यात कांदा, वांग्यात वांग्यापेक्षा कांदा जास्त. धाकटा बेजार झाला होता. "आजबी कांदाच? माझ्या तोंडाला वास यायलाय. शाळेत बाजूचा पोरगा सरकून बसायलाय." बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "थंडीत बरा असतो. खाऊ द्या." मी थोरल्याला सांगितलं की भाजीला दोन कांदे पुरतात. तो हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं चार घेतले. सांगितलेलं सहसा मोडणारा पोरगा नाही हा. म्हणून कोडं आणखी वाढलं.

एका गुरुवारी संध्याकाळी मी पाण्याची कळशी भरून आत आलो. धाकटा मेथी निवडत बसला होता. थोरला भिंतीकडे तोंड करून पाटावर. समोर ताटली, बाजूला सुरी, हातात कांदा. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. कांदा मात्र अजून कापलेला नव्हता. त्याचं टरफलसुद्धा काढलेलं नव्हतं.

"काय झालं रे?"

"कांदा हाय."

"अरे, तू तो सोललासुद्धा नाहीस."

त्यानं हातातल्या कांद्याकडे बघितलं आणि घाईघाईनं सोलायला घेतला. धाकटा मेथीतून मान वर न करता म्हणाला, "पप्पा, तो आधीच सुरू करतो. मग कापतो. लय आलं तर आणखी दोन घेतो."

"गप ए!"

"तूच सांगितलं ना मला? रडू आलं तर कांदा घे म्हणून. मंग खाडा पडत न्हाई."

मी कळशी खाली ठेवली. फुल्या नवावरून एकावर कशा आल्या, ते मला आठवड्याला सव्वा किलो जास्तीच्या कांद्यानं सांगितलं होतं आणि मी टरफलं तोलत बसलो होतो.

"खाडा बंद," मी म्हणालो. "आजपासून कुणाचाच धरायचा नाही."

हे ऐकून धाकट्यानं मेथीची जुडी खाली टाकली. "आन् माझी बॅट? माझे चोवीस दिवस झालेत!" आणि त्यानं असा भोंगा पसरला की खालच्या घरातल्या काकूंनी हाक मारून विचारलं, काय भाजलं का पोराला? बॅट मिळेल, असं मी दोनदा सांगितल्यावर तो थांबला. थोरल्याला ओल्या तोंडानंच हसू आलं.

पण तो कशासाठी रडत होता, ते कळलं नव्हतंच. मी विचारलं, शाळेत कुणी मारलं का? नाही. सर बोलले का? नाही. मार्क कमी पडले का? नाही. मग? काही नाही. पुढचा प्रश्न माझ्या तोंडाशी आला आणि मला भीती वाटली. माझ्या वडलांना मी कधी रडताना बघितलं नाही, पण ते कशाला घाबरायचे, त्यांना काय आवडायचं, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. ते गेले तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. आमचं बोलणं म्हणजे पाणी कधी येणार आणि गाडी किती वाजता. आता समोरचा पोरगा अकराव्या वर्षी मला "काही नाही" म्हणत होता, आणि तेही किती सराईतपणे. तो असाच म्हणत राहिला तर?

मी विचारणं सोडलं. "परात घे," म्हणालो. "उशीर व्हायलाय. तू मळ, मी भाजतो."

तो माझ्याकडे पाठ करून मळायला लागला. मी तव्यापाशी. एक भाकर झाली. दुसऱ्या भाकरीला त्यानं शाळेतल्या एका पोराचा पाय मुरगळल्याचं सांगितलं. तिसरीला बॅट टेनिसची घ्यायची की कशाची, ते. मी नुसतं हूं हूं करत होतो. तोंडावर विचारलं की बंद होणारं पोर हात पिठात गेल्यावर बोलायला लागतं, हे माझ्या ध्यानात यायला लागलं होतं आणि मला त्याचं नवल वाटत होतं. चौथी भाकर थापता थापता तो परातीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "पप्पा, मम्मी पालमलाच राहायला जाणार हाय का?"

महिन्याभरापूर्वी आतल्या खोलीत आम्हा दोघांचं हे बोलणं झालं होतं. मी बायकोला हिशोब मांडून दाखवला होता. रोजचे चार तास, आठवड्याचे सहा दिवस. तिकडं खोली घेतली तर चोवीस तास वाचतात. ती "बघू" म्हणाली होती. पोरं तेव्हा बाहेर खेळायला गेलीत, अशी माझी समजूत होती.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच म्हणला. चोवीस तास वाचतात. मी बूट घ्यायला आल्तो."

"मग तेव्हाच विचारलं कामून नाहीस?"

"विचारताना रडू आलं असतं."

तव्यावरची भाकर मी उलटली. हाताला चटका बसला.

"जाणार हाय का?" त्यानं परत विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"तुमाला काय वाटतं?"

"हे बघ, रोजचे चार तास म्हणजे..."

"तास न्हाई, पप्पा. तुमाला."

मी भाकर तव्यावरून उतरवली. खरंच माहीत नव्हतं, असं नाही. कुणी विचारलंच नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. "मला करमणार नाही," मी म्हणालो.

"मलाबी," तो म्हणाला, आणि रडला. हात पिठानं भरलेले असल्यामुळे डोळे पुसायला त्यानं खांदा वापरला. धाकटा उठून त्याच्या पाठीला चिकटून उभा राहिला. आज कुणाला काय झालंय ते त्याला नीटसं कळलं नसावं, पण चिकटायचं असतं एवढं कळलं होतं.

साडेसातला बायको आली. ताटं वाढली. पहिला घास घेण्याआधी थोरल्यानं तिला सरळच विचारलं, "तू तिकडं खोली करायलीस का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मीच तुला सांगितलं होतं, खोली घे म्हणून. पण मला करमणार नाही, ते सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?" ती म्हणाली. "महिना झाला, मी समजायलेय की तुमाला मी तिकडंच बरी वाटायलेय. इतकं नीट मांडून सांगितलं व्हतं तुमी!" मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि धाकट्याला म्हणाली, "तुला काय म्हणायचंय?"

"मलाबी करमणार न्हाई. पण मला बॅट भेटणार हाय."

ती हसता हसता जेवली. पण चार तासांचं दुखणं खरं होतं. तिची पाठ धरायची, रविवार झोपण्यात जायचा. त्यामुळे विषय तिथं संपला नाही. तीन-चार दिवस जेवताना तोच चालला. ती म्हणाली, आठवड्यातले तीन मुक्काम तिकडं करते. थोरला म्हणाला, एक. मी या वेळी आकडे मांडायला गेलो नाही, नुसतं ऐकलं. शेवटी दोनांवर ठरलं. मंगळवार आणि बुधवार, तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंच्या खोलीवर.

पहिला मंगळवार उजाडला आणि संध्याकाळी सातला तिचा फोन आला. थोरला तव्यापाशी होता. हल्ली भाजायचं काम त्यानं घेतलंय, मळायचं माझ्याकडे आलंय. त्याचे हात मोकळे नव्हते, म्हणून मी स्पीकर लावून फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"जेवलात का रे?"

"अजून न्हाई. तीन झाल्यात. पप्पांनी एक फाडली."

"गरम पाणी घेतलं न्हाई त्यांनी!" धाकटा लांबून ओरडला.

"तू जेवलीस का?" थोरल्यानं विचारलं, आणि तो नाक ओढायला लागला. बस झालं आता, तिला कशाला त्रास, असं म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं आणि पीठ मळत राहिलो.

तिकडून तिनं हळूच विचारलं, "रडायलास का?"

"हाव. थोडं," तो म्हणाला. "तू फोन ठिवू नको. थांब जरा, भाकर करपायलीय."