धुकेरावांच्या अंगावरचे पतंग

टोमॅटोवर औषध मारण्यात धुकेरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या हाताला येणाऱ्या वासामुळे तो धरायला सहसा कोणी पुढेही येत नसे. पाठीवर पंप घेऊन ते सरींतून निघाले की मागे पांढरा ढग उरे, म्हणून हे नाव. पांढरी माशी, नागअळी, फळ पोखरणारी अळी यांच्याशी त्यांचं भांडण खासगी स्वरूपाचं होतं. पान जरा वाकडं दिसलं की पंप. वाऱ्याने वाकलं असेल, अशी शंका काढणारी एकच व्यक्ती होती, रोपवाटिकेची मालकीण. आणि चाळिशी उलटल्यावर धुकेरावांना लग्न करायचं होतं, तेही नेमकं तिच्याशी.

तिचं म्हणणं, आधी कीड आहे का बघा, मग मारा. त्यासाठी आपल्या टोमॅटोत कामगंध सापळे लावायला तिने त्यांनाच बोलावलं. अळ्या ज्यांच्या अंड्यांतून निघतात त्या पतंगांच्या मादीचा वास भरलेली रबरी गोळी सापळ्यात टांगायची. नर भुलून येतात आणि खालच्या पिशवीत पडतात. पुष्कळ पडले तरच फवारणी. धुकेरावांनी हे खालमानेने ऐकून घेतलं. प्रेमात माणूस काय काय ऐकून घेतो.

हातमोजे विषासाठी असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गोळी काही विष नव्हे. सबब दुपारभर त्यांनी गोळ्या उघड्या हातांनी टांगल्या. मग घरी येऊन नवा सदरा घातला, त्याच हातांनी केस बसवले, उरलेल्या गोळ्या तिला परत करायच्या म्हणून छातीच्या खिशात ठेवल्या आणि दिवेलागणीला थोरल्या बहिणीसह मागणी घालायला निघाले.

व्हरांड्यात ताईने सुरुवात केली. भाऊ निर्व्यसनी, कामसू, तब्येतीने ठणठणीत. तेवढ्यात एक पतंग धुकेरावांच्या खांद्यावर बसला. मग त्याचे मित्र आले. मग मित्रांचे मित्र. कॉलर भरली, केस भरले. एक महत्त्वाकांक्षी कानात शिरू लागला. ताई गुण सांगायचं सोडून, याला एरवी असं काही होत नाही, यावर आली.

धुकेरावांची नजर फाटकाकडे गेली. सायकलला पंप टांगलेला होता, टाकी भरलेली. एक फवारा आणि मैदान साफ. पण इथे पंप उचलला तर लग्नाची गोष्टही त्याच ढगात गेली, एवढं त्यांना कळत होतं. ते मांड्यांवर हात ठेवून बसून राहिले. शत्रू नाकाच्या शेंड्यावर आणि हात रिकामे, हे आयुष्यात प्रथमच घडत होतं.

मालकिणीने वाकून त्यांच्या खिशात पाहिलं आणि हसू दाबत विचारलं, "हातमोजे?"

"विष नव्हतं ना," धुकेराव ओठ न हलवता म्हणाले. मिशीवर एक बसला होता.

"ताई, तुमच्या भावाला एवढी स्थळं सांगून आलीत. यात माझा नंबर कुठे लागायचा?"

"ही सगळी आम्ही नाकारली," ताईने तत्काळ जाहीर केलं.

"मग... फवारू का?" धुकेरावांनी चाचरत विचारलं.

"शेतात. उद्या. एवढे पतंग म्हणजे वेळ झालीच. पण घरात पंप आणायचा नाही. नवऱ्यानेसुद्धा."

'नवऱ्याने' हा शब्द ऐकून धुकेरावांचं तोंड उघडलं. ते उघडायला नको होतं. पण आत्ताच होकार मिळालेला; अशा वेळी थुंकणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी गिळलं.