खांबाचा गुलाबी रंग

आमच्या घरात 'गुलाबी' ही शिवी होती. बाबा दिवसा कारखान्यात काम करत आणि संध्याकाळी पत्रकं लिहीत. जो मोर्चात शेवटच्या रांगेत चालतो, घोषणेला नुसते ओठ हलवतो, त्याच्याबद्दल ते म्हणत, "गुलाबी आहे." म्हणजे लाल व्हायला निघाला आणि वाटेतच दमला. मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. माझ्या शाळेच्या वह्यांना उरलेल्या पत्रकांची कव्हरं असत. दहावीत असताना तुळिंज वस्तीच्या नळाला पाणी येत नाही म्हणून मी पहिलं पत्रक लिहिलं. बाबांनी वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "गुलाबी." तेव्हापासून मी दात-ओठ खाऊनच लिहिते.

म्हणून तो शब्द बाबांनी पहिल्यांदा कौतुकानं उच्चारला, आणि तोही दुसऱ्याच मुलीमुळे, तेव्हा मला काय वाटलं हे मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही.

ती आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. शाळेत माझ्या वर्गात होती. निबंधाला बसली की पेन चघळत माझ्या पानाकडे बघायची. पुढे सिव्हिल इंजिनीअर झाली आणि जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागली. त्यांच्या रसायनांचे ड्रम कामणच्या गोदामातून येतात, हे मला माहीत आहे, कारण बाबा मला ते जेवताना सांगत. तिचं सगळंच ते मला जेवताना सांगत.

एका वर्षी आमच्या गॅलरीच्या खालचा एक मोठा तुकडा उभ्या स्कूटरींवर पडला. खाली कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. पार्किंगमध्ये सभा भरली. सेक्रेटरी काका म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? प्लास्टर मारू, वर छान रंग देऊ. गणपतीच्या आत चकाचक."

"काका, रंगाच्या आत काय आहे ते आधी बघू या," ती म्हणाली. तिच्या एका हातात हातोडी होती, दुसऱ्या हातात केसांवर पाणी मारायला न्हाव्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली.

तिनं आमच्या बाजूच्या खांबावर हातोडी वाजवली. आवाज बद्द आला. तिथलं काँक्रीट थोडं फोडलं, आतली सळई दिसू लागली, धूळ झटकली आणि त्या ताज्या जखमेवर बाटलीतलं पाण्यासारखं औषध मारलं. काही झालं नाही. मग ती पलीकडच्या विंगच्या खांबाकडे गेली, तिथेही तसंच फोडून फवारलं. सळईभोवतीचं काँक्रीट बघता बघता गर्द गुलाबी झालं.

पलीकडच्या लोकांचे चेहरे उतरले. आमच्याकडे टाळ्या पडल्या. तळमजल्यावरची मावशी, मिठागराकडच्या गावातून लग्न होऊन इथे आलेली, पदर खोचून म्हणाली, "आमचा खांब साफ हाय बाय! त्यांच्याच खांबात रगत निघालं!"

"पानी मुरलंय त्यांच्यात," कुणीतरी मागून मावशीच्या बोलीची नक्कल केली.

"मुरू दे. कोन कोनाच्या पापाला भागीदार?" मावशी म्हणाली.

मीही टाळी वाजवली होती. गुलाबी म्हणजे कच्चं, एवढं तर मला लहानपणापासून पाठ.

तिनं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मावशी, उलटं आहे. गुलाबी म्हणजे चांगलं. सिमेंटमध्ये एक दाहकपणा असतो, चुन्यासारखा. तो आहे तोवर आतल्या सळईला गंज चढत नाही. हवा आत शिरत जाते तसा तो मरतो. जिथे मेलाय तिथे हे औषध रंग देत नाही. आपला खांब सळईपर्यंत मेलाय."

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. आणि माझे बाबा, माझे स्वतःचे बाबा, पुढे होऊन त्या दुसऱ्या खांबाला हात लावत म्हणाले, "वा! काय गुलाबी आहे!"

पुढच्या सभेत हात वर करून ठरायचं होतं: नुसतं प्लास्टर आणि रंग, की पूर्ण इलाज. हे छत डोक्यावर घेऊन आम्ही सगळे झोपत होतो, तेव्हा पत्रक निघणार हे उघड होतं. आणि पत्रक मी लिहिणार हेही. मी एका बैठकीत लिहिलं. खाडीची खारी रेती उपसून इमारती उभ्या करणारा बिल्डर, त्याला सही देणारे हात, बागा गिळत उमेळे गावापर्यंत पोचलेली त्यांची भूक, सगळ्यांना झोडपलं. एकही शब्द खोटा नव्हता.

बाबांनी वाचलं. "आग आहे," म्हणाले. मला बरं वाटलं. मग म्हणाले, "पण यात सळई कुठे आहे?"

"म्हणजे?"

"हे वाचून लोक बिल्डरवर थुंकतील आणि घरी येऊन रंगाला हात वर करतील. तिला लिहू दे."

"तिला? तिला निबंध येत नव्हता, बाबा! माझा बघून लिहायची!"

"मग तुझाच गुण लागला असेल," बाबा म्हणाले आणि जिन्यात जाऊन तिला हाक मारली.

तिचं पत्रक अर्ध्या पानाचं होतं. मी ते चूक शोधायला वाचलं. 'प्लास्टर पडतं ते शेवटी. गंज आधी येतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. वरून रंग दिला तर भेग झाकली जाते, फुगणं थांबत नाही.' पुढे काय करणार ते साध्या शब्दांत: सैल झालेलं काढायचं, सळई घासून औषधानं गंज धुवायचा, तिला लेप द्यायचा, नवा थर भरायचा, आणि जिथे फोडायची गरज नाही तिथे वरून असं रसायन फासायचं जे मुरत मुरत सळईपर्यंत जातं. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'हे केल्यावरही दर वर्षी तपासावं लागेल. खारी रेती आहे, कायमचं काही नाही.' पत्रकात कुणी आपली कमजोर बाजू लिहितं का? लोकांनी नेमकी तीच ओळ एकमेकांना वाचून दाखवली. पूर्ण इलाजासाठी जवळजवळ सगळे हात वर झाले. माझाही झाला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

काम झालं. खोल्यांमध्ये लोखंडी टेकू आले, ताटात धूळ आली, रसायनाच्या वासानं मावशी दिवसभर शिंकत तिला शिव्या द्यायची आणि दुपारी तिलाच चहा पाठवायची. बाबा लेप वाळला का बघायला तिच्याबरोबर शिडीजवळ उभे असत.

त्यानंतर मला एक सवय लागली. रोज सकाळी दात घासत मी गॅलरीच्या तुळईखाली उभी राहते आणि गंजाचा तांबडा डाग शोधते. पावसाळ्यात तर टॉर्च घेऊन. इमारत पडावी असं मला वाटत नाही, तिच्याखाली माझंच अंथरूण आहे. पण एक डाग, बोटाएवढा, एवढंच मला हवं होतं. बोटाच्या मागच्या बाजूनं ठोकूनही बघते. आवाज भरीव येतो.

एका सकाळी बाबांनी पकडलं. "काय शोधतेस?"

"गंज."

"सापडला?"

मी चूळ भरली. "नाही. तीन पावसाळे झाले."

ते हसले नाहीत. "शेजारच्या बिल्डिंगवाले विचारत होते, असल्या औषधांनी खरंच टिकतं का. तिचं कोण ऐकणार, ती कंपनीची. तू लिही."

"मी का?"

"तुझ्याइतकं वाईट चिंतून कुणी बघितलंय का?"

मी लिहिलं. अर्धं पान. कुठली तुळई, कसं ठोकलं, कुठे टॉर्च मारला, काय दिसलं नाही. मुद्दाम तिचं नाव घातलं नाही. पुढे वर्षभरात काही दिसलं तर तेही लिहीन, असं शेवटी घातलं, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की ही ओळ तिचीच आहे.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ घेतला.

"गुलाबी," ते म्हणाले.

"कुठलं गुलाबी, बाबा? खांबाचं की मोर्चातलं?"

पण ते तोवर कागद घेऊन जिन्यात गेले होते आणि वर तोंड करून तिला हाक मारत होते, "अगं ए, खाली ये जरा, बघ हिनं काय लिहिलंय!"