मालिकेतला मयत

"ए मयत!" अशी हाक मारली की हसत ओ देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भोसरीतल्या आमच्या वस्तीत एका मालिकेचं शूटिंग झालं होतं. वस्तीतली पोरं, हातात कोयते, पुढं तुरुंग नाहीतर मरण, अशी ती गोष्ट. माझ्या या मित्राला त्यात काम मिळालं. दोन भाग तो नुसता मागे उभा राहिला आणि तिसऱ्यात मेला. तेव्हापासून हे नाव चिकटलं.

मालिका लागली की आमच्या खोलीत येऊन चुका काढायचा. "राव, ह्यांच्यातलं एक पण पोरगं शिफ्टला जात नाही. ह्यांच्या घरी पीठ कोण आणतं?" स्वतः चाकणला ठेकेदाराकडं वेल्डिंग करायचा. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नवा गेटपास. आई लातूरकडची. "एकदाचा कायम हो की रे बाबा," म्हणायची बिचारी.

आणि खरंच तशी वेळ आली. कुरुळीजवळच्या एका कंपनीनं त्याला पास केलं. फक्त पोलिसांचा चारित्र्याचा दाखला राहिला होता. त्याच आठवड्यात त्याचा वाढदिवस, आणि आमच्याकडं वाढदिवस म्हटला की चौकात फ्लेक्स हवाच. मी हौसेनं मालिकेतला फोटो निवडला. डोळे वटारलेले, हातात कोयता. कोयता लाकडी, वरून चंदेरी रंग दिलेला. खाली 'भाईंना शुभेच्छा', ही अक्कल माझीच.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी दोघांनाही चौकीवर नेलं. "साहेब, लाकडाचा आहे, टीव्हीतला आहे," मी सांगत होतो.

"फोटोत लाकूड दिसतंय का?" साहेब म्हणाले. "फ्लेक्स कुणी लावला?"

मी त्याच्याकडं बघितलं. मी कंपनीत कायम होतो, गुन्हा लागला तर नोकरी जाईल, हे त्याला ठाऊक होतं. "मीच लावला," तो म्हणाला.

दहशत माजवल्याचा गुन्हा लागला, कोठडी झाली. दाखला मिळाला नाही, ठेकेदारानंही गेटपास काढून घेतला. कोठडीत ओळख झालेली पोरं मात्र नव्या गाड्यांवरून त्याच्या घरी येऊ लागली. मी जाणं कमी केलं. कुठल्या तोंडानं जाणार?

परवा तळवड्याच्या चौकात भेटला. मागे चार पोरं, तोंडाला रुमाल बांधलेली. "भावा, कुणी त्रास दिला तर सांग," म्हणत त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझा गुन्हा अंगावर घेणारा हा माणूस, आणि मी त्याला घाबरलो. ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं हात काढून घेतला.