‘तुम्ही’ आणि ‘तू’

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत. घरी मात्र थोरल्या भावाने तिचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवलं होतं. कुणाच्या दातांचा प्लास्टरचा साचा हातात आला, की हा माणूस कुठल्या बाजूने चावतो, झोपेत दात खातो का, हसताना तोंडावर हात धरतो का, असं काहीबाही तिच्या डोक्यात सुरू होई. चाळिशी उलटली, लग्नाचं राहून गेलं, आणि त्याची खंत करायलाही तिला फारशी सवड झाली नाही.

लग्न जमलं तेही एका कवळीपायी. परदेशात बस चालवणारा एक विधुर सुट्टीवर आला होता. त्याच्या मावशीला नवी कवळी टोचत होती, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी त्याला थेट ताईकडे धाडलं. ताईने विचारलं, चावताना टोचते की बोलताना? त्याला काही माहीत नव्हतं. तो घरी जाऊन विचारून आला. मग ताईने विचारलं, डावीकडे की उजवीकडे? तो पुन्हा गेला. कवळी नीट बसेपर्यंत मावशीच्या लक्षात आलं, की फोनवर उरकणाऱ्या गोष्टीसाठी भाचा पायी हेलपाटे घालतोय. तिनेच पुढाकार घेतला. नोंदणी कार्यालयात चार माणसांदेखत लग्न लागलं आणि रजा संपली तसा नवरा परत गेला.

आता ताईने त्याच्याकडे कायमचं राहायला जायचं, तर व्हिसा हवा. त्या कामात मुरलेल्या एक सल्लागार बाई होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, की सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी आहे. लग्न खरं आहे, हे दाखवून द्यायचं.

“खरं म्हणजे कसं असतं?” ताईने विचारलं.

बाई म्हणाल्या, ते ठरवणारे ठरवतात. आपण फोटो द्यायचे, फोनवर बोलतो ते दाखवायचं, आणि एकमेकांविषयी काही विचारलं तर अडखळायचं नाही.

फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि त्यांतल्या निम्म्यांत नवऱ्याचे डोळे मिटलेले. वहिनीने मग तयारी करून घ्यायचं मनावर घेतलं. भाकरी थापता थापता, चहा गाळता गाळता ती प्रश्न टाकायची. त्यांच्या ब्रशचा रंग कोणता? झोपतात कुठल्या कुशीवर? ताईने उलट विचारलं, “वहिनी, दादाच्या ब्रशचा रंग कोणता?” वहिनी बराच वेळ आठवत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणजे आमचंही खोटंच म्हणायचं.” आणि दोघी हसत सुटल्या.

पण ताईला त्या सगळ्या प्रकरणाचीच गोडी लागली होती. चारित्र्याचा दाखला घ्यायला पोलीस चौकीत गेली, तेव्हा तिने हवालदाराला विचारलं, की माणूस चांगला आहे हे तुम्हाला कळतं कसं? तो म्हणाला, “चांगला आहे असं आम्ही लिहीतच नाही, ताई. काही सापडलं नाही, एवढंच लिहितो.” छातीचा एक्स-रे काढणाऱ्यालाही तिने सोडलं नाही. फोटोत आतलं सगळं बघून घेतल्याशिवाय ती त्याला जागचं हलू देईना.

नवऱ्याचा फोन तिच्या जेवणाच्या सुट्टीत यायचा. दोघंही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत, बोलणंही दोन कचेऱ्यांतल्या साहेबांसारखं. एकदा तिने त्याला फोन हातात धरून घरभर फिरायला लावलं. ओटा पाहिला, खिडकीतून दिसणारा रस्ता पाहिला. आतल्या खोलीत एक कपाट होतं.

“त्यात जुनं सामान आहे,” तो म्हणाला आणि पुढे गेला.

ताई तेव्हा गप्प बसली. तिच्यासाठी हे नवलच होतं. पण ते कपाट तिचा पिच्छा सोडेना. मेण वितळवतानाही तेच, दात बसवतानाही तेच. अखेर एके दुपारी तिने विचारलंच.

“त्यांचे कपडे आहेत का त्यात?”

तो म्हणाला, “हो.”

“मला दाखवाल?”

“तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटलं तर सांगेन.”

त्याने कपाट उघडलं. एक जाड कोट होता. बागेत घालायचे हातमोजे होते, त्यांच्या बोटांत अजून माती होती. तळाशी पोहायचा पोशाख होता. त्याची पहिली बायको उतारवयात पोहायला शिकली होती. पाण्याला फार भ्यायची. तळ्यात उतरली, की काठावर उभा राहून त्याने मोठ्याने बोलत राहायचं, अशी तिची अट होती. काय बोलावं हे सुचेना, म्हणून तो बसचे थांबे ओळीने म्हणून दाखवायचा. पुढे तिला आजार जडला आणि थांबे म्हणायचे राहिले. त्याने पोशाखाची घडी घालून तो परत तळाशी ठेवला.

“तू विचारलंस म्हणून,” तो म्हणाला. “बाकी सगळे विषय बदलतात.”

ताईने ‘तू’ ऐकला. त्या दिवशी तिच्या हातून एक सुळा उलटा बसला. तो काढून पुन्हा बसवावा लागला.

मुलाखतीला वकिलातीत जावं लागलं. काचेपलीकडे एक तरुण अधिकारी, शेजारी दुभाषी बाई. ब्रशचा विषयही निघाला नाही. नवरा सकाळी काय खातो, या प्रश्नावर ताई सरळ म्हणाली, की नक्की माहीत नाही, रोज वेगळं सांगतात. अधिकाऱ्याने काहीतरी टिपलं. मग त्याने विचारलं, एकमेकांना काय म्हणता?

“मी अहो म्हणते. ते आधी तुम्ही म्हणायचे. आता तू म्हणतात.”

दुभाषी बाईंनी एक वाक्य उच्चारलं, थांबल्या, पुन्हा सुरुवात केली. अधिकाऱ्याच्या कपाळावर आठ्या. त्याच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. त्याला ऐकू आलं ते असं, की जे आधी म्हणायचे तेच आता म्हणतात. बाई मग हातवारे करून समजावू लागल्या. हळूहळू त्याच्या आठ्या गेल्या आणि त्याने पेन खाली ठेवलं. हे कधी बदललं, का बदललं, असं त्याने विचारलं.

ताईने कपाटाची गोष्ट सांगितली. तळं, थांबे, सगळं.

याचा तुम्हाला त्रास नाही झाला, असं त्याने विचारलं.

“झाला थोडा. पण जिथे जन्म काढायचा, तिथलं एक कपाट बंद ठेवून कसं जाणार?” पण एवढ्यावर थांबणं तिला जमेना. “साहेब, तुमच्या भाषेत मग कसं कळतं? माणूस जवळचा झाला ते?”

हे सांगावं की नाही, असा दुभाषी बाईंना प्रश्न पडला असावा. पण त्यांनी सांगितलं. अधिकारी हसून दोन शब्द बोलला.

“ते म्हणतात, जवळच्या माणसाचं नाव लहान होत जातं,” बाई म्हणाल्या.

निकाल तिथे कळला नाही. मधे आणखी एका कागदाची मागणी आली, मग नुसती वाट पाहणं. वहिनी रोज विचारायची, ताई रोज मान हलवायची. लॅबमधल्या सगळ्यांनी विचारायचं सोडून दिलं, तेव्हा व्हिसा आला. निघताना भाऊ बॅगांना कुलपं लावत राहिला, लावलेली पुन्हा तपासत राहिला. या वेळी मात्र ताईने त्याला काही विचारलं नाही.

तिकडे पोचल्यावर एक निराळीच पंचाईत झाली. फोनवर भरभरून बोलणारा नवरा समोरासमोर बसला, की त्याला शब्द सुचेना. ‘चहा?’ विचारायचा, ‘थंडी?’ विचारायचा, की गप्प. मान खाली घालून जेवायचा. ताईने काही दिवस वाट पाहिली. मग एका संध्याकाळी ती उठून आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि तिथून त्याला फोन लावला. स्वयंपाकघरात घंटी वाजली. त्याने उचलला.

“आज बसमध्ये कोण कोण होतं?” तिने विचारलं.

आणि तो बोलू लागला.